उणे ३४० पोती आणि ७१ टक्के काम

प्रश्न : वडिलांनी उभा केलेला बांधकाम व्यवसाय आता आम्ही दोघं मिळून पाहतो. नाशिकमध्ये सध्या दोन साइट आहेत : स्टिल्ट (खांबांवरचं मोकळं पार्किंग) अधिक ७ मजले, २८ फ्लॅटची एक इमारत आणि १२ रो-हाउस. एक इंजिनिअर, तीन सुपरवायझर, दोन स्टोअरकीपर आणि ऑफिसात टॅली पाहणारा अकाउंटंट, एवढी माणसं. आठ महिन्यांपूर्वी वर्षाचे पैसे भरून प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर घेतलं. विकणाऱ्यांनी ६४० कामांचं शेड्यूल बनवून दिलं. आज ते शेड्यूल ७१ टक्के काम झालं म्हणतं, आणि आमचा पाचवा स्लॅब नुकता पडलाय, ब्लॉककाम दोनच मजले झालंय. गेल्या आठवड्यात गोदामात एकही पोतं शिल्लक नव्हतं, आणि सॉफ्टवेअरमध्ये सिमेंटचा साठा उणे ३४० पोती! सुपरवायझर महिनाअखेरीला बसून सगळं एकदम भरतात, रोजचं काम व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतं. अकाउंटंट म्हणतो, प्रत्येक बिल दोनदा मारावं लागतं. वडील त्यांच्या डायरीतच लिहितात आणि हसतात. सॉफ्टवेअर बदलू, की सरळ एक्सेलवर परत जाऊ? की मोठ्या प्रकल्पांचं ते प्रायमावेरा सॉफ्टवेअर घ्यायला हवं होतं?

उत्तर : सॉफ्टवेअर आत्ता बदलू नका. नवीन घेतलंत तरी चार महिन्यांनी त्यातही असेच आकडे दिसतील, कारण आजार नोंदीत आहे. नोंद कोण करतो, कुठे उभा राहून करतो आणि ती केली नाही तर कोणाचं काय अडतं, हे तुमच्याकडे ठरलेलंच नाही. नोंद पैशाच्या वाटेवर बसवा. बाकीचं बरंचसं त्यामागून येईल.

आधी ती ३४० पोती. ३४० गुणिले ५० किलो म्हणजे बरोबर १७ टन, म्हणजे एका दहाचाकी गाडीचा माल. गोदाम रिकामं होतं, म्हणजे फरक नेमका एवढाच आहे. चोरीचा फरक असा गोल येत नाही, तो थोडाथोडा, वेडावाकडा साठत जातो. त्यामुळे स्टोअरकीपरवर संशय घेण्याआधी एक गाडी शोधा. एक शक्यता अशी की माल उतरला, वापरला, वापराची नोंदही झाली, पण पुरवठादाराचं बिल आलं नाही म्हणून आवक चढलीच नाही. दुसरी अशी की ती गाडी रो-हाउसच्या नावावर चढली. तिथला साठा उघडून पाहा, प्रत्यक्षापेक्षा ३४० पोती जास्त दिसली तर शोध संपला. तिसरी नेहमीची चूक म्हणजे १७ टनांऐवजी ‘१७ पोती’ टाकणं. पण तसं असतं तर फरक ३२३ आला असता, म्हणून ती इथे बाद. सिमेंटमध्ये ती झालेली नाही, खडी आणि क्रश सँडमध्ये मात्र ती बहुतेक सापडेल.

यावर उपाय असा : आवक बिलावरून चढवायची नाही, गेटवर चढवायची. गाडी आत आली की स्टोअरकीपरने तीन फोटो काढायचे : चालान, काट्याची पावती आणि गाडीची नंबरप्लेट. मग पोती मोजून किंवा काटा पाहून आकडा टाकायचा आणि मगच चालानावर सही करायची. सही शेवटी, हा क्रम मोडू देऊ नका. सही एकदा दिली की ड्रायव्हरला घाई, हमालांना घाई, आणि नोंद ‘संध्याकाळी करू’वर जाते. बिल नंतर कधीही येवो, ते त्या आवकेला जोडलं जाईल. आवक नसलेल्या बिलाचा चेक निघणार नाही, हे पुरवठादारांना एकदा फोन करून सांगून टाका. पुढच्या महिन्यापासून त्यांचे ड्रायव्हरच विचारतील, ‘नोंद झाली का?’

आता मालाची यादी. तुमच्या सॉफ्टवेअरमधली वस्तूंची यादी उघडा आणि ‘सिमेंट’ शोधा. ‘सिमेंट’, ‘सिमेंट पीपीसी’ (फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं सिमेंट), ‘पीपीसी ५० किलो’, शिवाय दोन-तीन कंपन्यांच्या नावाने वेगवेगळ्या ओळी सापडतील. प्रत्येक ओळीचा साठा वेगळा, त्यामुळे एकात उणे आणि दुसरीत अधिक. ही यादी कापून सव्वाशे ओळींवर आणा. नवीन ओळ उघडायचा अधिकार एकाच माणसाला ठेवा, बहुधा इंजिनिअरला. प्रत्येक ओळीला एकच एकक. खडी-वाळू ब्रासमध्ये घेता तर ब्रासच ठेवा, नाहीतर घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पुरवठादार काट्यावर टनात देत असेल तर टन-ब्रासचा हिशेब खरेदीच्या ऑर्डरवरच लिहून घ्या. वाळूचं एक ब्रास साधारण साडेचार टनांच्या आसपास जातं, पण ओलाव्याने ते हलतं, आणि ‘आसपास’वरच दर महिन्याला भांडण होतं.

सळईचा हिशेब जरा जवळून पाहू, कारण पैसा सगळ्यात जास्त तिथे अडकतो आणि सॉफ्टवेअरवर सगळ्यात जास्त आरोपही तिथेच होतात. समजा पाच स्लॅबपर्यंत काट्यावर ६२.४०० टन आलं. बार बेंडिंग शेड्यूलप्रमाणे (बीबीएस, म्हणजे कुठे किती सळई लागेल त्याचा तक्ता) कामात ५६.१०० टन बसायला हवं. उभा साठा ३.२५०, कापलेले तुकडे १.२००. बेरीज ६०.५५०. म्हणजे १.८५० टन गायब, कामात बसलेल्या सळईच्या ३.३ टक्के. इथे आवाज चढवण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, वजन. बीबीएसचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने येतं : ८ मिलिमीटरला मीटरमागे ०.३९५ किलो, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८८, १६ ला १.५८. काट्यावरचं वजन मात्र सळई प्रत्यक्षात जशी लाटली गेली तसं येतं. आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे १० मिलिमीटरपर्यंत ७ टक्के, त्यावर १६ पर्यंत ५ टक्के आणि त्याहून जाड सळईला ३ टक्के इतका फरक, कमी किंवा जास्त, चालतो. ८ मिलिमीटरची सळई मीटरला ०.४१० किलो भरली तर तिथेच पावणेचार टक्के गेले, आणि एक काडीसुद्धा चोरीला गेलेली नाही. प्रत्येक लॉटमधून एक मीटरचा तुकडा कापा, वजन करा आणि तो आकडा आवकेच्या नोंदीत टाका. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना नसेल तर शेरा लिहायच्या जागेत टाका.

दुसरी, बीबीएसमध्ये न धरलेल्या सळया : वरच्या जाळीखालच्या खुर्च्या, बीममधल्या दोन थरांमधले स्पेसर, जास्तीचे लॅप (दोन सळयांचे एकमेकींवर चढवलेले जोड). सळई १२ मीटरची येते. बार बेंडरने नकाशापेक्षा वेगळ्या जागी कापली की लॅप वाढतात. तिसरी, तुकडे. तुकड्यांचं वजन अंदाजाने टाकलेलं असतं. काट्यावर टाकून पाहा. हे तिन्ही धरूनही दोन टक्क्यांच्या वर फरक उरला, तर मग कुंपणाकडे बघायला हरकत नाही.

सिमेंटचा वापर असाच कामाशी जोडा. स्लॅबचं काँक्रीट आरएमसीने (प्लँटमधून तयार) येत असेल तर पोती जातात ब्लॉककामात आणि प्लास्टरमध्ये. आतलं १२ मिलिमीटर जाडीचं, १:४ चं प्लास्टर १०० चौरस मीटरला साधारण ११ पोती घेतं. तेच ब्लॉककाम ओळंब्यात नसल्यामुळे २० मिलिमीटर झालं तर १८. म्हणजे सिमेंट प्लास्टरमध्ये ‘जास्त गेलं’ असं दिसलं, तरी गुन्हा बहुतेक ब्लॉककाम करणाऱ्याचा असतो. सॉफ्टवेअरमध्ये मजल्यानुसार पोती आणि मजल्यानुसार चौरस मीटर शेजारी शेजारी दिसले तरच हे लक्षात येतं. नुसत्या एकूण साठ्यावरून कधीच येत नाही.

मजल्यानुसार म्हटलं की नावांचा गोंधळ आला. तुमच्या इमारतीत स्टिल्टवरचा स्लॅब हा पहिला. म्हणजे पाचवा स्लॅब ही पाचव्या मजल्याची जमीन आणि चौथ्याचं छत. गच्चीचा स्लॅब आठवा. आता सुपरवायझर ‘५ वा’ लिहितो, अकाउंटंट ‘पाचवा मजला’ वाचतो आणि सेंट्रिंगवाला (काँक्रीटचा साचा उभारणारा) ‘चौथ्याचं छत’ म्हणून बिल देतो. एकच काम तीन जागी चढतं आणि एखादं दोनदा फेडलं जातं. जागांचे संकेत एकदाच ठरवा : एस०१ ते एस०८ स्लॅबना, ०१ ते ०७ मजल्यांना, मग फ्लॅट, मग खोली. सॉफ्टवेअरमध्ये हे टाइप करायला ठेवू नका, यादीतून निवडायला ठेवा. आणि हेच संकेत रंगाने जिन्यातल्या भिंतीवर लिहा. मुकादम अ‍ॅप उघडणार नाही, पण भिंत वाचेल.

आता तो ७१ टक्क्यांचा आकडा. तो खोटा आहे, पण कोणी मुद्दाम खोटं लिहिलेलं नाही. एमएस प्रोजेक्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टक्के पूर्ण’ हा रकाना मुळात दिवसांवर चालतो, कामाच्या किमतीवर नाही. त्यात आजच्या तारखेपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं समजून अद्ययावत करायचं बटण असतं. महिनाअखेरीला घाईत ते दाबलं की आजपर्यंतची सगळी कामं आपोआप पूर्ण. शिवाय ६४० ओळींत ‘नकाशा मंजूर’, ‘ऑर्डर दिली’ असल्या ओळी भरपूर असणार. ओळी मोजून टक्का काढला की त्या ओळीचं वजन आणि स्लॅबचं वजन सारखंच.

प्रगती पैशाच्या वजनाने मोजा. तुमच्या बीओक्यूमधून (कामं, त्यांचं परिमाण आणि दर यांच्या यादीतून) वाटे काढा. उदाहरणापुरतं धरू : पाया-प्लिंथ १०, वरची आरसीसी ३२ म्हणजे स्लॅबमागे ४, ब्लॉककाम ८. मग आज पाया १०, पाच स्लॅबचे २०, सातपैकी दोन मजल्यांच्या ब्लॉककामाचे सव्वादोन, म्हणजे साधारण ३२ टक्के. एका स्लॅबच्या आतही वाटे पाडा : सेंट्रिंग ३५, सळई ३०, इलेक्ट्रिकच्या पाइपा ५, काँक्रीट २५, खोलणं ५. ‘सेंट्रिंग ८० टक्के झालं’ असली अर्धी नोंद घ्यायची नाही. झालं तर झालं, नाही तर शून्य. थोडं कठोर वाटेल, पण ‘ऐंशी टक्के’ ही बांधकामावरची सगळ्यात लांब चालणारी अवस्था आहे.

हा आकडा तुमच्यासाठी नुसत्या शोभेचा नाही. २८ फ्लॅट म्हणजे महारेराची नोंदणी आलीच. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि त्यातून पैसे काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे दाखले. दर तिमाहीला प्रगतीही कळवायची. कोणी सॉफ्टवेअरमधला ७१ उचलून त्या कागदांत घातला, तर उद्या प्रत्यक्ष पाहणीत उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. सह्या करणाऱ्यांना वर सांगितल्यासारखा वाट्यांचा तक्ता आणि त्याखाली मोजमाप द्या.

शेड्यूल स्वतः ६४० ओळींचं नकोच. एका इमारतीला ६० ते ८० ओळी पुष्कळ झाल्या. जी ओळ आठवड्यातून एकदा कोणी बघणार नाही, ती काढा. आणि उरलेल्या ओळी दुरुस्त करताना कॅलेंडर आधी उघडा. मूळ कॅलेंडर बऱ्याचदा सोमवार ते शुक्रवार, दिवसाला आठ तास असं असतं. तुमची साइट रविवारीही चालते आणि अमावस्येला बंद असते. अमावस्या सुट्टी म्हणून टाका. दिवाळी, छठ आणि होळीला गावी जाणाऱ्या टोळ्यांचे दिवस टाका. पावसाळ्यात बाहेरच्या प्लास्टरचे दिवस अर्धे धरा.

उलट, काही गोष्टी सुट्टी पाळत नाहीत. काँक्रीट अमावस्येलाही पिकतं. क्युरिंग आणि टेके (स्लॅबखालचे तात्पुरते आधार) काढण्याची मुदत कामाच्या दिवसांत नाही, सलग दिवसांत मोजावी लागते. एमएस प्रोजेक्टमध्ये त्यासाठी ‘७ डी’ऐवजी ‘७ ईडी’ टाकतात. मुदती आयएस ४५६ मधल्या घ्या : साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेके ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, ६ मीटरपर्यंतच्या बीमला १४, त्यापुढे २१. स्लॅबखालच्या प्लेटा ३ दिवसांनी काढता येतात, पण टेके लगेच परत लावले तरच. हे आकडे ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत आणि तापमान १५ अंशांखाली जात नाही असं धरून दिलेले आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या रात्री त्यात बसत नाहीत, आणि पीपीसी किंवा फ्लाय अ‍ॅश असलेलं काँक्रीट हळू पिकतं. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वाढीव मुदत लिहून घ्या आणि तीच शेड्यूलमध्ये घाला. शेड्यूल ‘सहावा स्लॅब आठव्या दिवसापासून’ म्हणतं आणि सेंट्रिंगवाला ‘टेकेच मोकळे नाहीत’ म्हणतो, त्या भांडणात खरा सेंट्रिंगवाला असतो. टेक्यांचे किती संच आहेत ही ओळ शेड्यूलमध्ये नसते, म्हणून तसं होतं.

आता मुख्य अडचण, म्हणजे सुपरवायझर रोज भरत नाहीत. ते आळशी आहेत असं समजू नका. बहुतेक वेळा फॉर्म चाळीस रकान्यांचा असतो, स्टिल्टमध्ये रेंज नसते, आणि फोन व डेटा स्वतःचा असतो. फॉर्म सहा रकान्यांवर आणा : जागा, काम, किती झालं (चौरस मीटर, घनमीटर किंवा नग), कोणाची किती माणसं, काय अडलं, उद्याला काय लागेल. सोबत एक फोटो. चार मिनिटांत झालं पाहिजे. ऑफलाइन भरून नंतर चढवता येतं का, हे स्टिल्टमध्ये उभं राहून स्वतः करून पाहा, विक्रेत्याच्या सांगण्यावर जाऊ नका. फोन आणि रिचार्ज कंपनीकडून द्या. भाषा मराठी किंवा हिंदी ठेवा. आणि सेटिंगमध्ये ४८ तासांचं कुलूप लावा. त्यानंतरची जुनी तारीख फक्त इंजिनिअर उघडेल, तीही कारण लिहून. महिनाअखेरची ती सामूहिक भरणी एवढ्यानेच बंद होते.

पण खरी चावी आहे खर्चीत, म्हणजे बिलाआधी दिलेल्या उचलीत. मजुरांच्या ठेकेदाराला तुम्ही आठवड्याची खर्ची देता, ती आज कशावर देता? सुपरवायझरच्या फोनवर, ‘काम चांगलं चाललंय, पन्नास द्या’ यावर. यापुढे नियम एकच ठेवा : सुपरवायझरने नोंदलेलं आणि इंजिनिअरने तपासलेलं मोजमाप सॉफ्टवेअरमध्ये असेल, त्याच्या ठरलेल्या हिश्श्यापर्यंतच खर्ची. समजा ७० टक्के. पहिल्या शनिवारी आरडाओरडा होईल. दुसऱ्या शनिवारी ठेकेदार शुक्रवारीच सुपरवायझरच्या मागे लागेल, ‘साहेब, माझं कालचं भरलं का?’ तुमच्या दहा सूचनांनी जे होत नाही ते त्याचा तो एक प्रश्न करतो. पहिल्या दोन आठवड्यांत मजुरांचं जेवण अडणार नाही याची काळजी घ्या, तेवढी रक्कम वेगळी बाजूला ठेवा. नियम ठेकेदाराला लावायचाय, बिगाऱ्याला नाही.

मग बिल असं दिसेल. तिसऱ्या मजल्याचं प्लास्टर ९,२०० चौरस फूट, ठरलेला दर समजा २६ रुपये, एकूण २,३९,२००. त्यातून रिटेन्शन (रोखून ठेवायची रक्कम) ५ टक्के म्हणजे ११,९६०, टीडीएस एक टक्का २,३९२, दिलेली खर्ची १,६०,०००. हातात ६४,८४८. सॉफ्टवेअरचं काम या बेरजा करणं एवढंच नाही. नकाशावरून त्या मजल्याचं प्लास्टर ८,९०० भरत असेल तर ९,२०० वर त्याने अडवलं पाहिजे. अडवलं की भांडण दारं-खिडक्यांच्या वजावटीवर येतं. आयएस १२०० प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. अर्ध्यापासून ३ चौरस मीटरपर्यंत एका बाजूची वजावट, आणि कडांचे पैसे वेगळे नाहीत. त्याहून मोठ्या जागेला दोन्ही बाजू वजा आणि कडा जमा. तुमचे ठेकेदार कदाचित वेगळ्या रिवाजाने मोजत असतील, तेही चालेल, पण कुठला नियम ते वर्क ऑर्डरवर एका ओळीत लिहिलेलं हवं.

दरावर काम करणाऱ्या टोळीची तास-तासाची हजेरी सॉफ्टवेअरमध्ये भरायचा हट्ट धरू नका, माणसांची संख्या पुरे. हजेरी पूर्ण भरायची ती रोजंदारीवरच्या माणसांची, ओव्हरटाइमसकट.

व्हॉट्सअ‍ॅप बंद करू नका, होणारही नाही. फक्त एक ठरवा : तिथे आलेली मालाची मागणी ही मागणी नाही, आणि तिथे आलेला नकाशा हा नकाशा नाही. नकाशांच्या बाबतीत तर हे फारच गंभीर आहे. आर्किटेक्टच्या ऑफिसातून आर-२ (नकाशाची नवी सुधारित आवृत्ती) ग्रुपवर पडतो, त्यावर चाळीस ‘गुड मॉर्निंग’ येतात आणि बार बेंडरच्या खिशात आर-१ ची घडी तशीच राहते. बीम ४५० चा ६०० झालेला त्याला कळतच नाही. नकाशाची पीडीएफ सॉफ्टवेअरमध्ये क्रमांक आणि आवृत्तीसह, साइटवर एकच छापील प्रत, नवी देताना जुनी परत घ्यायची आणि तिच्यावर आडवी लाल रेघ मारायची. स्लॅबच्या आधीच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न ठेवा : सळई कुठल्या आवृत्तीवर बांधली?

अकाउंटंटची तक्रार रास्त आहे. खरेदी सॉफ्टवेअरमध्ये जन्मेल (ऑर्डर, आवक, बिल) आणि तिथून टॅलीत जाईल. पैसे देणं टॅलीत जन्मेल. त्याच्या उलट काहीही नाही. टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्त्यांत एक्सेलमधून व्हाउचर आत घेता येतात, त्यामुळे थेट जोडणीसाठी वेगळा खर्च करण्याआधी ते करून पाहा. दोन्हीकडे पुरवठादारांची नावं अक्षरशः सारखी हवीत, आणि साइटचा संकेत टॅलीत कॉस्ट सेंटर म्हणून. पुरवठादाराच्या ओळीत जीएसटी नोंदणी आहे की नाही हेही भरून ठेवा. इनपुट क्रेडिटशिवायच्या (खरेदीवरच्या कराची वजावट न घेता) १ किंवा ५ टक्के दराने घरं विकताना ८० टक्के खरेदी नोंदणीकृत पुरवठादारांकडून असावी लागते, आणि हा आकडा मार्चमध्ये शोधत बसण्यापेक्षा दर महिन्याला दिसलेला बरा.

प्रायमावेरा तुम्हाला नको. टेंडरमध्येच त्याची अट असेल, किंवा शेकडो ठेकेदार आणि हजारो कामं एकमेकांत गुंतलेली असतील, तिथे ते शोभतं. ते चालवायला वेगळा प्लॅनर लागतो, आणि तुमची अडचण गेटवर आहे. वर्ष संपल्यावर बदलायचंच झालं तर नव्या विक्रेत्याला तीन गोष्टी समोर करून दाखवायला सांगा : नेट बंद करून नोंद, आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढणं, आणि कोणी कधी कुठला आकडा बदलला त्याची यादी.

वडिलांची डायरी मागून घ्या आणि पाचव्या स्लॅबच्या दिवसाचं पान उघडा. अशा डायऱ्यांत साधारण एवढं असतं : किती घनमीटर, किती गाड्या, किती वाजता सुरू, कुठली गाडी उशिरा आली, किती माणसं, पाऊस. त्या पानावरूनच स्लॅबच्या दिवसाचा फॉर्म बनवा. ५८ घनमीटरचा स्लॅब म्हणजे ६ घनमीटरच्या १० गाड्या. प्रत्येक गाडीच्या तिकिटावरून प्लँटमधून निघालेली वेळ, पोचलेली वेळ, ओतून संपल्याची वेळ आणि स्लम्प (काँक्रीट किती पातळ-घट्ट आहे त्याचं माप). आयएस ४९२६ प्रमाणे भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, रिटार्डर (घट्ट होणं लांबवणारं रसायन) घातला असेल तर त्याहून जास्त चालतं. क्यूबचे (ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) नमुने ५८ घनमीटरला ५, प्रत्येकी ३ म्हणजे २८ दिवसांचे १५ क्यूब, ७ दिवसांचे हवे असतील तर ते वेगळे. सॉफ्टवेअरमध्ये ७ व्या आणि २८ व्या दिवसाची आठवण लावून ठेवा, कारण क्यूब भरायचं कोणी विसरत नाही, टाकीतून काढून लॅबला पाठवायचं मात्र विसरतात. वडिलांना त्यात हसण्यासारखं काही सापडणार नाही, फॉर्म त्यांचाच आहे. सोमवारी सकाळी त्यांच्यापुढे पाच आकड्यांचा एक कागद ठेवा : पैशाच्या वजनाने प्रगती, सिमेंट, सळईचा फरक, थकलेली बिलं, उशिरा केलेल्या नोंदी.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले सहा आठवडे फक्त सात मजली साइट आणि फक्त माल. मग मोजमाप आणि खर्ची. शेड्यूल सगळ्यात शेवटी, तिसऱ्या महिन्यात. रो-हाउस तोपर्यंत डायरीवर चालू द्या.

सुरुवातीचा साठा मात्र प्रत्यक्ष मोजूनच भरा, आणि त्यासाठी येती अमावस्या घ्या. साइट बंद, गाड्या नाहीत, कोणी पोतं उचलत नाही. सिमेंट दहा-दहा पोत्यांच्या थप्प्यांत लावून घ्या, सळई व्यासाप्रमाणे नग मोजून, तुकडे काट्यावर. दोन माणसांना अर्धा दिवस लागतो. त्यांना दुसऱ्या दिवशी बदली सुट्टी द्या, आणि पुढच्या अमावस्येला पुन्हा मोजा.